शनिवारी खुर्च्या लावायला मी नाही

मंडळी,
सोमवारपासून माझी इंजेक्शनं सुरू, शुक्रवारी एका पेशंटसाठी माझ्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढणार. शनिवारही राखीव, पेशी कमी पडल्या तर पुन्हा यंत्रावर. खुर्च्यांचं दुसऱ्या कोणीतरी बघा. आणि शुक्रवारी संध्याकाळी मला घरी सोडायला कोणी आहे का?
– मंदार

मंदार, हॉलची किल्ली तुझ्याकडे आहे! एक आठवडा पुढे नाही ढकलता येणार? मागच्यासारखं सगळ्यांना दारात ताटकळायला लागू नये, एवढंच.
– सुहास (कार्यवाह)

मंदार, जपून रे. मणक्यात सुई घालतात, माणूस कमरेतून जातो. आईला सांगितलंस का?
– दत्ताकाका

काका, मणक्याला कोणी हातही लावत नाही. बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढायचाच झाला तर कमरेच्या हाडातून, पूर्ण भूल देऊन. मंदारचं तर तेही नाही. एका हातातून रक्त बाहेर, यंत्र पेशी वेगळ्या करतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. मी भावासाठी दिल्या तेव्हा पाच तास लागले. हात वाकवायचा नाही आणि नेमकी नाकाला खाज! शेवटी नर्सबाईंनी खाजवलं. मग ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने कॅल्शियम उतरतं. मंदार, मुंग्या आल्या की लगेच सांग, गोळी देतात. खरा त्रास आधीच्या इंजेक्शनांचा, फ्लू झाल्यासारखी हाडं ठणकतात. ॲस्पिरिन मात्र मनाने घेऊ नकोस.
सुहास, पुढे ढकलायचं कसं? तिकडे पेशंटचा स्वतःचा मॅरो किमो देऊन आधीच संपवतात. मग मंदार गेला नाही तर त्याने काय करायचं?
– वंदना

मी किल्लीचं विचारलं होतं. शिवाय आरोग्याचे विषय आरोग्य समितीमार्फत यावेत असं ठरलंय.
– सुहास

आरोग्य समितीत दोन वर्षं मी एकटीच आहे.
– वंदना

वंदना, तुझं भावाशी जुळलं, नशीब. सख्ख्या भावंडांतही चारात एकच शक्यता. आमच्या घरी दोघांना तपासलं, एकाचंही जुळलं नाही.
– शुभा

किल्ली वंदनाताईंकडे देतो. शनिवारी मोकळा झालो तरी खुर्च्या उचलणार नाही, इंजेक्शनांनी पोटातली प्लीहा फुगते, काही दिवस जड उचलायचं नाही म्हणालेत. गाडीचं अजून कोणीच बोललं नाही.
– मंदार

मी येतो. वेळ कळव. आईला आधीच फोन केला होता, आता मणक्याचं नाही म्हणून परत करतो.
– दत्ताकाका