गरब्याआधी प्री-वर्कआउटचा स्कूप: घ्यावा का?

ताल_सीताबर्डी: नागपुरात नवरात्र आली की ग्रुपच्या पोरी-पोट्ट्यांच्या पिशवीत प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी पाण्यात घालून प्यायच्या कॅफिनवाल्या पावडरचा, डबा दिसतोच. बंदच करा. हात थरथरतात, छातीत धडधड होते आणि पाय काउंटच्या पुढे पळतात. ग्रुप डान्समध्ये एकाची घाई सगळ्यांची फॉर्मेशन मोडते.

स्पोर्ट्स_फिजिओ: बंद काहून? कॅफिनचा फायदा सिद्ध झालेला आहे, चुकते ती मात्रा. किलोमागे ३ मिग्रॅ, स्टेजच्या तासभर आधी. म्हणजे ५० किलोला १५० मिग्रॅ. बऱ्याच डब्यांच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिग्रॅ असतं. ३०० वालं ४८ किलोच्या मुलीनं घेतलं तर किलोमागे सहाच्या वर जातं. शिवाय निरोगी प्रौढाची एका वेळची मर्यादा २०० मिग्रॅ धरतात. पूर्ण स्कूप कशाला? लेबल वाचून अर्धा घ्या, तोही आधी तालमीत. त्या दिवशीचा चहा-कॉफी त्यातच मोजा.

ताल_सीताबर्डी: अन् झोप? अर्धं कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात. रात्री ८ ला घेतलं तर १ वाजता निम्मं अंगात असतं. गरबा एक रात्र नाही, नऊ रात्री आहे. अपुऱ्या झोपेवर उडीनंतरचं लँडिंग बिघडते, घोटा मुरगळतो.

जडीबुटी_महाल: त्यापेक्षा अश्वगंधा बरी.

स्पोर्ट्स_फिजिओ: शोच्या दिवशी घेऊन काही होत नाही जी. मुळाचा अर्क ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, आठ आठवडे घेतला तर दम थोडा वाढू शकतो. थायरॉइडची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल, तर नकोच. डब्यावर ‘मूळ’ लिहिलंय का बघा. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयानं २०२१ मध्येच बजावलंय.

जडीबुटी_महाल: बीटाचा रस तरी चालेल ना?

स्पोर्ट्स_फिजिओ: चालेल, दोन-तीन तास आधी. पण त्या दिवशी माउथवॉश नको. बीटातल्या नायट्रेटवर काम करणारे तोंडातले जिवाणूच त्यानं मरतात.

डान्सस्पोर्ट_कोच: ‘हर्बल’ शब्दावर भाळू नका. एफेड्राही वनस्पतीच आहे. अमेरिकेनं २००४ मध्ये तिला सप्लिमेंटमधून हद्दपार केलं. ‘जिरेनियम अर्क’ लिहिलेल्या डब्यात डीएमएए हे उत्तेजक रसायन निघू शकतं. ब्रेकिंगवाल्यांनी (स्पर्धेतला ब्रेकडान्स) तर जपूनच राहावं, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) नियमांत स्पर्धेच्या वेळी दोन्ही बसत नाहीत.

ताल_सीताबर्डी: बरं, प्रौढांना मोजून अर्धा स्कूप, तोही संध्याकाळी लवकरच्या शोला, इथवर मान्य. अठराच्या आतल्या पोरांना मात्र नाहीच. त्यांना ओआरएस द्या, पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात ओतली तर खारट होऊन मळमळते.