बोहाड्याचा कागदी मुखवटा आतून मऊ पडतो, आतल्या लेपासाठी मदत हवी आहे

बोहाड्यासाठी (देवादिकांची सोंगं मुखवटे लावून नाचवायचा उत्सव) नरसिंहाचा मुखवटा केला आहे. मातीच्या साच्यावर रद्दी कागदाचे 10 थर, मैद्याची खळ, खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. बाहेरून खडूची लुकण (पुटीसारखा लेप) आणि ऑइल पेंट. वजन साधारण दीड किलो.

अडचण हनुवटीपाशी. संबळाच्या ठेक्यावर 15-20 मिनिटं नाचलं की श्वासाच्या वाफेने आतला कागद मऊ पडतो. बाहेर ऑइल पेंट असल्याने ओल तिकडून निघत नाही, मग रंगाला फुगे येतात. जबडा लोंबला की नाचणाऱ्याचा हात सारखा तोंडाकडे जातो, आणि एरवी लाजणारा पोरगा मुखवट्याआड जो मोकळा सुटतो, ते सगळं तिथेच संपतं.

आतून व्हार्निश मारून पाहिलं: घाम साचून ओघळतो. सुती अस्तर भिजून जड होतं. कपाळाला फोम लावलाय, तो ठीक आहे.

फायबर नको, रूप पारंपरिकच हवं. जवळ टेंभे असतात, त्यामुळे पटकन पेटणारा लेप चालणार नाही.

हनुवटीला आतून नेमका कोणता लेप द्यावा? आणि नाकपुड्यांखेरीज हवेची भोकं कुठे पाडली तर जबडा कमकुवत होणार नाही?