कामाला दीड लाखाची बेस घेऊ की पंचवीस हजारांची?

चारतारा

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची. कॉलेजात बेस गिटार हातात घेतली, त्याला आता पाच वर्षं होतील. आजवर भावाच्या मित्राची जुनी बेस वाजवत होते, ती परत करायची वेळ आली आहे. दिवाळीपासून एका मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात नियमित वाजवायला बोलावलंय. महिन्याला आठ-दहा प्रयोग, त्यातले निम्मे तरी मुंबईबाहेरचे.

तीन वर्षं शिकवण्या घेऊन 1,40,000 रुपये साठवलेत. मनात फेंडर कंपनीची अमेरिकी बनावटीची जॅझ बेस आहे, एवढ्यात जुनी मिळू शकेल. पण गेल्या महिन्यात गडकरी रंगायतनला एक कार्यक्रम बघायला गेले, तर बेसवाल्या दादांच्या गळ्यात साधी स्क्वायर, फेंडरचाच स्वस्त ब्रँड! मध्यंतरात जाऊन विचारलं. म्हणाले, "मोठी घरी आहे. कामाला हीच." तेवढ्यात घंटा झाली आणि बोलणं राहिलं.

त्यानंतर बघत गेले तर बरेच व्यावसायिक वादक असंच करतात. हे चोरी-मोडतोडीच्या भीतीनं का? की आवाजात फरकच नसतो? आणि मग मला जो फरक ऐकू येतो तो माझ्या मनाचा खेळ आहे का? जे वाजवून घर चालवतात त्यांनी कृपया सांगावं.

मुक्काम_पुणे

माझं मत उलट आहे. एकदाच घ्या, चांगली घ्या. स्वस्त वाद्य घेतलं की दोन वर्षांत ते विकावंसं वाटतं आणि निम्मेही पैसे येत नाहीत. अमेरिकी फेंडरची किंमत टिकते. शिवाय चांगलं वाद्य हातात असलं की रियाझाला बसावंसं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलंय. आणि नामांकित बेसवादक जेम्स जेमर्सन काय, जॅको पास्टोरियस काय, सगळे अमेरिकी फेंडरच वाजवायचे ना? स्वस्तातल्या नकलेवर त्यांनी काम केलं नाही.

खर्ज

चारतारा, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. तुला ऐकू येणारा फरक खरा आहे. रात्री घरात, चांगल्या अँपवर, एकटीनं वाजवताना महागड्या बेसचा एकेक सूर निराळा उमटतो. मलाही ऐकू येतो. पण आपल्याला पाकीट मिळतं ते ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड आणि गाणारा यांच्यामध्ये वाजवायचं, आणि त्या गर्दीत सगळ्यात आधी तोच फरक बुडतो.

मी ठाण्यात राहतो. 2001 पासून बेसवरच घर चाललंय. भावगीतं, लावणीचे कार्यक्रम, गणपतीतले मैदानी शो, अधूनमधून स्टुडिओ. 2012 साली मीही अमेरिकी जॅझ बेस घेतली होती. थोडं कर्ज काढलं, थोडे बायकोच्या भिशीचे. वाद्य सुंदर होतं, त्यात काडीची खोट नव्हती.

2014 च्या गणपतीत चिपळूणजवळ मैदानावर कार्यक्रम होता. वर पत्रे, बाजूनं पावसाचा मारा. माझी जागा कायम ढोलकीच्या शेजारी, ढोलकीवाल्याचं मनगट दिसेल अशी. त्या रात्री नेमकं तिथेच पाणी ठिबकत होतं. ढोलकीवाल्यानं खाली प्लास्टिक अंथरलं, वाद्यावर टॉवेल धरला आणि आपल्या जागेवर बसला. मी मात्र कीबोर्डच्या आडोशाला सरकलो, कारण गळ्यात दीड लाख होते. तिथून त्याचा हात दिसेना. लावणीत तो तोडा संपवून समेवर कसा येतो हे मी डोळ्यांनी बघतो आणि त्याच्या हातासोबत सूर टाकतो. तीन गाणी नुसत्या अंदाजानं वाजवली आणि तिन्ही गाण्यांत मी केसभर मागे राहिलो. लोकांना कळलं नसेल. गाणाऱ्या बाईंना कळलं. गाडीत बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "आज तुम्ही सोबत नव्हता."

ते वाक्य फार लागलं. पुढच्या वर्षी सोळा हजारांना एक इंडोनेशियात बनलेली पॅसिव्ह (बॅटरी न लागणारी) बेस घेतली, पी (प्रिसिजन) आणि जे (जॅझ) असे दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे चुंबक, असलेली. तिच्यावर आजवर नऊशेच्या वर कार्यक्रम झाले. जॅझ बेस मी पुढे विकली. त्या पैशांत मुलीची बारावीची फी गेली आणि बेस थेट मिक्सरला जोडायचा एक चांगला डीआय बॉक्स आला.

मुक्काम, जेमर्सनबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्यावर माझा फार जीव आहे. त्याची 1962 ची फेंडर प्रिसिजन बेस ही तेव्हा कारखान्यातून निघणारी, दुकानात टांगलेली नेहमीची वस्तू होती. त्याच्यासाठी खास कुणी घडवलेली नव्हती. त्यावर जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेटोळ्यांच्या, तारा, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलायचा नाही. ब्रिजच्या, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात त्या भागाच्या, झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत केबल थेट मिक्सरला. तो गोल, ठोस आवाज जुन्या तारा, फोम आणि त्या एका बोटातून आलाय. यातल्या कशालाच फार पैसे पडत नाहीत. जॅकोची 1962 ची जॅझ बेस म्हणाल, तर ती त्यानं फ्लोरिडात जुन्या बाजारात 90 डॉलरला घेतली असं सांगतात. तिचे फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढलेले, खाचा बुजवलेल्या, वरून होड्यांना लावतात तो इपॉक्सी फासला. आज त्या बेसला संग्रहालयातली वस्तू म्हणून बघतात, पण त्याच्या हातात ती कामाचं हत्यार होती.

आणि बीटल्सचा पॉल मॅकार्टनी तर या प्रश्नाचं सरळ उत्तरच आहे. 1961 साली हँबुर्गमध्ये बेस घ्यायची वेळ आली तेव्हा फेंडर शंभर पौंडांच्या घरात जात होती. त्याच्याकडे तेवढे नव्हते. त्यानं तीसेक पौंडांची होफनर घेतली, व्हायोलिनच्या आकाराची. तो डावखुरा, आणि दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची असल्यामुळे ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. आतून पोकळ, वजनाला हलकी, नेक, म्हणजे दांडी, आखूड: तारेची वाजती लांबी 34 इंचांऐवजी 30. पुढे पैशांची काही कमी राहिली नाही, तरी 1963 ची दुसरी होफनर घेऊन तो आजही मंचावर उभा राहतो. ती पहिली 1972 साली लंडनमध्ये चोरीला गेली होती, पन्नासेक वर्षांनी सापडली आणि त्याच्याकडे परत आली. ती बातमी आली त्या दिवशी मला घरातलं कुणी परत आल्यासारखं वाटलं.

"स्वस्तातली नक्कल" हा शब्दही मला खटकतो. जपानी कारखाने फेंडरच्या इतक्या चांगल्या प्रती काढायला लागले की 1982 मध्ये फेंडरनं स्वतःच जपानमध्ये स्क्वायर सुरू केली. त्या पहिल्या वर्षांतल्या स्क्वायर आज लोक शोधून शोधून घेतात. आता नेक संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कापले जातात. पंचवीस हजारांच्या बेसमध्ये आज लाकूडकाम सहसा बिघडलेलं नसतं. काटकसर होते ती फ्रेटची टोकं घासण्यात, नटच्या (डोक्याजवळ तारा टेकायच्या पट्टीच्या) खाचांत, खुंट्यांत, व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (बटणाखालच्या भागात) आणि केबल लावायच्या जॅकमध्ये. ही सगळी कामं चांगला कारागीर एका दुपारी करून देतो. माझ्या बेसचा जॅक आणि दोन्ही पॉट मी पहिल्याच वर्षी बदलून घेतले, फ्रेट दोनदा घासून झाले.

म्हणून दुकानात जाताना ब्रँड विसर आणि नेक बघ. डोक्याकडून डोळा लावून बघ, पीळ आहे का. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजव, एकही सोडू नकोस, दुकानदार कंटाळला तरी. तळहात नेकच्या कडेवरून फिरव, फ्रेटची टोकं बोचतात का. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघ. थोडा फरक ब्रिजवर काढता येतो. गळ्यात अडकवून दोन्ही हात सोड, डोकं खाली झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा भरून येईल. आणि एकाच मॉडेलच्या दोन-तीन बेस काढायला सांग. स्वस्त वाद्यांत एका नगापासून दुसऱ्या नगात फरक असतो, तिथे निवडायला वेळ दे.

नेक कोकणातल्या हवेत फुगतो आणि एसी नाट्यगृहात आखडतो, महागड्या बेसचाही. ते टळत नाही.

मागचा_मिक्सर

मी साउंड करतो, म्हणून प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो.

बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर 41 हर्ट्झचा. आपल्याकडच्या बऱ्याच हॉलमध्ये तो खालचा भाग नुसता घुमतो, म्हणून मी तिथे थोडं कापतोच. कानाला सूर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या 82, 123 अशा स्वरकांमुळे, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सुरांमुळे. त्याच पट्ट्यात किक ड्रम आणि ढोलकीचा घुमारा बसलेला असतो, म्हणजे तिथेही मला जागा करावी लागते. इतकं कापून-जोडून झाल्यावर वाद्य कितीचं होतं हे मला खुर्चीत बसून सांगता येत नाही. वादक चांगला की नाही हे मात्र दुसऱ्याच मिनिटाला कळतं, सूर किती वेळ धरतो आणि कुठे सोडतो त्यावरून.

दुसरी गोष्ट आवाजापेक्षा महत्त्वाची: गुणगुण. नाट्यगृहातल्या लाइटच्या डिमरजवळ सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप वाईट गुणगुणतात. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप ती आपोआप मारतो. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर ठीक, एक कमी केला की गुणगुण सुरू. मला साधी, पॅसिव्ह, शांत बेस द्या, मी खूश. ॲक्टिव्ह बेसची 9 व्होल्टची बॅटरी ऐन गाण्यात संपलेली मी इतक्यांदा बघितली आहे की सामानात दोन बॅटऱ्या कायम ठेवतो.

मुक्काम_पुणे

मॅकार्टनीची किंमतीची गोष्ट मला माहीत नव्हती, धन्यवाद. पुन्हा विकताना पैसे जातात हे माझं म्हणणं कायम आहे, पण नऊशे कार्यक्रमांचा हिशोब लावला तर सोळा हजार म्हणजे एका कार्यक्रमाला वीस रुपयेही पडत नाहीत. तिथे मी गप्प बसतो. स्टुडिओतही तीच नेता का?

खर्ज

बहुतेक वेळा तीच. एकट्या बेसवर उभं असलेलं संथ गाणं असेल आणि सूर लांब धरायचा असेल, तर मित्राची जुनी प्रिसिजन मागून नेतो. तिथे सूर विरत जातो त्याचा पोत ऐकू येतो आणि माझी बेस तिथे कमी पडते. वर्षातून तीन-चारदा अशी वेळ येते. तेवढ्यासाठी लाख-दीड लाख अडकवणं मला जमत नाही. ज्याचं कामच मुख्यतः स्टुडिओचं आहे त्यानं मोठी बेस जरूर घ्यावी, त्याचा हिशोब वेगळा.

चारतारा

रविवारी बाबांना घेऊन धोबी तलावला जाऊन आले. खर्जकाकांचा प्रतिसाद कागदावर उतरवून नेला होता. एकाच मॉडेलच्या दोन प्रिसिजन पद्धतीच्या बेस काढायला लावल्या. पहिलीत तिसऱ्या तारेवर सातव्या-आठव्या फ्रेटला खरखर होती, दुसरी स्वच्छ वाजली. तीच घेतली, 27,500 ला. मग दुकानातच अमेरिकी जॅझ बेसही वाजवून बघितली. खोटं कशाला बोलू, जीव तिच्यातच अडकला होता. पण मी ती छातीशी धरून, कशाला लागू नये म्हणून अंग चोरून वाजवत होते, आणि हे बाबांनी माझ्या आधी ओळखलं.

उरलेल्या पैशांतून सेटअप (कारागिराकडून जुळणी), डीआय बॉक्स, दोन चांगल्या केबल आणि मजबूत पेटी घेणार आहे. दोन प्रश्न राहिलेत. तारा कुठल्या घालू? आमच्यात जुनी भावगीतं आणि नवी सिनेमातली गाणी दोन्ही आहेत. आणि बाहेरगावी नेक सरकला तर ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या सळईला) मी स्वतः हात लावू का?

खर्ज

अभिनंदन! आणि बाबांना माझा नमस्कार सांग.

तारा साध्या 45-105 जाडीच्या राउंडवाउंड, म्हणजे खरबरीत वेटोळ्यांच्या, घाल, नव्या गाण्यांना तो लख्खपणा लागतो. जुन्या भावगीतांच्या वेळी ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकव. भांडी घासायचा नवा स्पंज कापला तरी चालतो. सूर आखूड आणि गोल होतो, उभ्या डबल बेसच्या जवळ जातो. गाणं बदललं की काढून खिशात.

ट्रस रॉडला जरूर हात लाव, पण आधी कारागिराकडे बसून एकदा बघून घे. पहिला फ्रेट आणि जिथे नेक अंगाला जोडलाय तिथला फ्रेट एकदम दाबायचा, मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर घट्ट, अजिबात नसेल तर सैल. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. मग ट्यून करून रात्रभर ठेव आणि सकाळी पुन्हा बघ. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांब, कारागिराकडे ने. कार्यक्रमाच्या दिवशी तर पानाच पेटीतून बाहेर काढू नकोस.

पहिली तालीम कधी आहे? मंचावर ढोलकीवाल्याचं मनगट दिसेल अशी जागा त्याच दिवशी मागून घे. नंतर कुणी सरकत नाही.