शब्बाथची दिवाबत्ती: मुंबईची वेळ सोलापुरात चालते का?

सोलापूरकर: शब्बाथ म्हणजे आम्हा ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, तो शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि मग दिवा पेटवण्यासारखी कामं बंद. त्यासाठीचा शुक्रवारचा दिवा आम्ही मुंबईच्या वेळापत्रकाप्रमाणे लावतो. बरोबर आहे का? आणि किद्दुशचं (शब्बाथच्या सुरुवातीला पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेचं) मनुकांचं सरबत उन्हाळ्यात आंबतं, त्याचं काय करावं?

पूर्वेकडचा: वेळ चुकते आहे. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला साधारण ३ अंश, त्यामुळे सूर्य १० ते १५ मिनिटं आधी मावळतो. उन्हाळ्यात फरक जास्त. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचा असतो. मुंबईची वेळ धरली तर मे महिन्यात हाताशी जेमतेम ३-४ मिनिटं उरतात. सूर्यास्तानंतर विझलेली वात पुन्हा पेटवता येत नाही, म्हणून पंख्याचा झोत आधीच बघा. धावपळीत लावलेल्या दिव्यापुढे ब्राखा (आशीर्वादाची प्रार्थना) नुसती उरकली जाते, हेही आहेच.

मनुकावाली: काळ्या मनुका १ वाटी, पाणी ३ वाट्या. गुरुवारी रात्री भिजवा, पण फ्रिजमध्ये. ओट्यावर ठेवल्या तर आपल्याकडच्या उकाड्यात सकाळी फेस येतो. मग हाताने कुस्करून फडक्यातून पिळायचं. मिक्सर नको, बिया भरडल्या की कडवट होतं. पाणी वाढवून पुरवठ्याला आणू नका! फार पातळ झालं तर द्राक्षरसाची ब्राखा त्यावर म्हणता येत नाही.

सोलापूरकर: उकळलं तर?

मनुकावाली: चालतं. उकळून, गार करून गाळा. सगळं दिवा लावण्याआधी.