मदत हवी आहे : फोनवरचं बोलणं मराठीत लिहून दाखवणारं ॲप

नमस्कार मंडळी. आईला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन लावून समोरासमोर निभावतं, ओठांकडे बघून ती बरंच ओळखते. फोनवर मात्र पंचाईत. "सात" की "साठ" कळत नाही, मग नुसतं "हो हो" म्हणून ठेवून देते.

सध्या जुगाड असा: तिच्या फोनचा स्पीकर चालू करायचा आणि शेजारी माझ्या जुन्या अँड्रॉइडवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब (ऐकलेलं बोलणं लिहून दाखवणारं ॲप) मराठीत लावून ठेवायचं. एकाच फोनवर जमत नाही, कॉल चालू असताना ॲपला माइक मिळत नाही. मावशीचं सावकाश बोलणं छान उमटतं, पण मामांची कोल्हापुरी सुरू झाली की स्क्रीनवर भलतंच काहीतरी! शिवाय स्पीकरमुळे घरगुती गोष्टी साऱ्या वाड्याला ऐकू जातात.

अमेरिकेतल्या भाचीने इनोकॅप्शन ही कॉलवरचं बोलणं लिहून दाखवणारी सेवा सुचवली, पण ती तिकडच्याच रहिवाशांसाठी आहे.

भारतात साध्या कॉलवर, त्याच फोनवर मराठी अक्षरं दाखवणारं काही कुणी रोज वापरतंय का? फोन कोणता? ब्लूटूथ मशीनसोबत चालतं का? इंग्रजी आईला वाचता येत नाही, हिंदी चालेल.