मदत हवी आहे: हिमोग्लोबिन कमी, शेवग्याचा पाला रोज कसा खायला घालायचा?

नमस्कार मंडळी, माझ्या बहिणीचं हिमोग्लोबिन ९.४ आलंय, बायकांना निदान १२ तरी हवं, आणि फेरीटिनपण (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) कमी निघालं म्हणजे लोहाचीच कमतरता आहे असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत आणि त्या बंद करायच्या नाहीयेत, पण सोबत जेवणातूनही लोह जावं म्हणून पालेभाज्या वाढवायच्यात. दारातच शेवगा आहे, पाला भरपूर, पण तिला त्याची भाजी कडवट लागते, दोन घास खाल्ले की ताट सरकवते. कोवळा पाला मुगाची डाळ घालून केला तर कडू कमी लागतो का? थालीपिठात, भाकरीच्या पिठात किती घालता? सावलीत वाळवून पावडर करून कोणी वापरलीये का, चव कशी लागते?

पालकाचं सगळे सांगतात पण त्यात ऑक्झलेट (पानांतला एक नैसर्गिक घटक) जास्त, त्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही, म्हणून फ्लॉवरचा पाला (जो आपण सरळ फेकून देतो!) बघतेय. भाजीतलं लोह शोषायला क जीवनसत्त्व लागतं म्हणून वरून लिंबू पिळते, शिजवून नाही, कारण उष्णतेने ते कमी होतं. जेवणावर लगेच चहा घ्यायची तिची सवय मात्र सुटत नाहीये, आणि त्यानेच लोह अडतं, काय करावं?

लोखंडी कढईत केलेली भाजी काळी पडते, तशीच खाता का तुम्ही? ज्यांच्या घरी असा त्रास होता त्यांनी प्लीज नीट सांगा, ती फार थकलीये हो, जिना चढतानाही धाप लागते.