प्रति: चेक फुटबॉल म्हणजे फक्त स्पार्टा-स्लाविया?
वर कोणीतरी लिहिलंय की स्पार्टा, स्लाविया हे प्रागचे दोन बडे क्लब सोडले तर चेक फुटबॉलमध्ये बाकी सगळे भरीला. अजिबात नाही पटलं. प्रागच्या व्हर्शोवित्से भागातला बोहेमियन्स घ्या ना, १९०५ सालचा क्लब, १९२७ला ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर गेले तर तिकडून भेट म्हणून चक्क जिवंत कांगारू मिळाले, म्हणून लोगोवर कांगारू! पेनल्टीच्या ट्रिकसाठी प्रसिद्ध असलेला चेकोस्लोव्हाकियाचा खेळाडू पानेन्का याच क्लबचा. १९७६ची युरो फायनल, पेनल्टी शूटआऊटमधली शेवटची पेनल्टी, पश्चिम जर्मनीचा गोलकीपर मायर आधीच एका बाजूला झेपावलेला आणि याने बॉल अलगद मधोमध उचलून टाकला, ही ट्रिक तो क्लबच्या गोलकीपरसोबत प्रॅक्टिसनंतर बिअर नाहीतर चॉकलेटच्या पैजेवर घोटायचा. क्लबने चेकोस्लोव्हाकियाची लीग एकदाच जिंकली, १९८३ला. पण २००५मध्ये क्लब कर्जात बुडाला तेव्हा फॅन्सनी स्वतःच्या खिशातून पैसे जमवून वाचवला, मला तर ते जास्त भारी वाटतं.